पदवी आधीं कीं प्रयाण आधीं ?

हातचें सोडून पळत्याच्या पाठीं लागूं नये, अशी आपल्याकडे एक जुनी म्हण आहे. म्हण शहाणपणाची खरी; परंतु ती उपयोगांत आणावयाची म्हणजे हातचें कोणतें व पळतें कोणतें हें आधीं ठरवावें लागतें, आणि पुष्कळदां सगळी अडचण तेथेंच असते. परिचारिकेच्या पदवीचा अभ्यास करणारी एखादी मुलगी घ्यावी. चार वर्षांच्या अभ्यासक्रमापैकीं अडीच वर्षें पुरीं झालीं आहेत. इतक्यांत परदेशीं असलेल्या आईचें पत्र येतें कीं, कित्येक वर्षांपूर्वीं केलेल्या अर्जाचा क्रमांक एकदांचा लागला. आतां व्हिसा मिळाल्यापासून सहा महिन्यांच्या आंत निघालें पाहिजे. मुलीनें काय करावें ? पदवी पुरी करावी, तर आईजवळ जाण्याची संधि जाते. आईजवळ जावें, तर पदवी अर्धी राहते.

हा प्रश्न ज्या देशांतील घरांना दोन पिढ्या चांगला परिचयाचा झाला आहे, तो देश म्हणजे फिलिपाईन्स. तो तेथेंच इतक्या वेळां कां उपस्थित व्हावा, याला इतिहास आहे. आणि तो इतिहास पाहिल्यावांचून प्रश्नाचें उत्तर देऊं जाणें म्हणजे गणिताचा पूर्वार्ध न वाचतां उत्तर मांडण्यासारखें आहे.

फिलिपाईन्स हा सात हजारांहून अधिक लहानमोठ्या बेटांचा देश. स्पेनचें राज्य तेथें तीनशें वर्षांहून अधिक काळ होतें. १८९८ सालीं स्पेन व अमेरिका यांच्यांत युद्ध झालें, आणि त्याच वर्षीं १० डिसेंबर रोजीं पॅरिस येथें झालेल्या तहान्वयें दोन कोटि डॉलर घेऊन स्पेननें हीं बेटें अमेरिकेच्या हवालीं केलीं. तेथील लोकांनीं आपलें स्वातंत्र्य आधींच पुकारलें होतें. पण तहाच्या मेजाशीं त्यांस कोणी बसविलें नाहीं, आणि पुढें त्यांना अमेरिकेशींच लढावें लागलें. नव्या राज्यकर्त्यांनीं बंदुकीच्या पाठोपाठ शाळा आणली. इंग्रजी ही शिक्षणाची भाषा झाली. १९०३ च्या कायद्यानें निवडक विद्यार्थ्यांस सरकारी खर्चानें अमेरिकेंत शिकावयास पाठविण्याची सोय झाली. १९०६ सालीं इलोइलो शहरांत बाप्टिस्ट मिशनच्या रुग्णालयांत परिचारिकांची शाळा निघाली, व पुढच्याच वर्षीं मनिला येथेंही असे वर्ग सुरू झाले.

कुलीन घरच्या मुलींनीं परक्या रोग्यांची सेवा करावी, हें तेथील पालकांस प्रथम रुचलें नाहीं. महाराष्ट्रालाही हा अनुभव नवा नाहीं. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखालीं १९०९ सालीं स्थापन झालेल्या पुण्याच्या सेवासदनानें ससून रुग्णालयाच्या साहाय्यानें परिचारिका तयार करण्याचें काम हातीं घेतलें, तेव्हां येथेंही तीच नाकें मुरडलीं गेलीं होतीं. फिलिपाईन्समध्यें ही नाखुषी हळूहळू मावळली. कारण या धंद्याला कायद्याचें अधिष्ठान लौकरच मिळालें. १९१९ च्या कायद्यानें परिचारिकांच्या परीक्षेसाठीं सरकारी मंडळ नेमलें गेलें, आणि पुढच्याच वर्षीं पहिली परीक्षा झाली. १९२२ सालीं अनास्तासिया हिरोन-तुपास या कर्तबगार बाईंनीं परिचारिकांची राष्ट्रीय संघटना स्थापिली. अशा रीतीनें इंग्रजी भाषा, अमेरिकन पद्धतीचा अभ्यासक्रम आणि सरकारी परवाना अशीं तीन साधनें तेथील तरुणींच्या हातीं आलीं. या तिन्हींचा उपयोग पुढें घरापेक्षां परदेशींच अधिक होणार आहे, हें त्या वेळीं कोणाच्या ध्यानांत आलें असेल असें दिसत नाहीं.

दार मात्र लगेच उघडलें नाहीं. १९३४ सालीं अमेरिकेनें फिलिपाईन्सला कांहीं वर्षांनीं स्वातंत्र्य देण्याचें वचन दिलें, आणि त्याच कायद्यानें तेथून येणाऱ्यांची संख्या वर्षाकाठीं अवघ्या ५० वर आणली. एका हातानें स्वातंत्र्य द्यावें आणि दुसऱ्या हातानें दाराला अडसर घालावा, असा हा प्रकार होता. पुढें ४ जुलै १९४६ रोजीं तो देश स्वतंत्र झाला. त्याच्या दोनच दिवस आधीं अमेरिकेंत झालेल्या एका कायद्यानें फिलिपिनो लोकांस वर्षाला १०० जागा देण्यांत आल्या. त्याच कायद्यानें हिंदी लोकांसही तेवढ्याच १०० जागा मिळाल्या, व दोघांनाही नागरिकत्वाचा मार्ग खुला झाला. या बाबतींत आपलें आणि त्यांचें नशीब एकाच कागदावर लिहिलें गेलें. योगायोग असा कीं, परिचारिकांसाठीं विद्यापीठाची पदवीही दोन्ही देशांत त्याच वर्षीं अवतरली. इकडे दिल्ली व वेल्लोर येथें, तिकडे मनिलाच्या सांतो तोमास विद्यापीठांत.

पहिला मोठा प्रवाह सुरू झाला तो १९४८ नंतर. त्या वर्षीं अमेरिकेनें परदेशीयांस अनुभवासाठीं आपल्या देशांत बोलावण्याची एक योजना कायद्यानें मान्य केली. तिच्यांत परिचारिकांना दोन वर्षांपर्यंत अमेरिकन रुग्णालयांत राहून काम करावयाचें, विद्यावेतन घ्यावयाचें व मग स्वदेशीं परतावयाचें असा करार असे. १९५६ ते १९६९ या काळांत अकरा हजारांहून अधिक फिलिपिनो परिचारिका या योजनेंतून जाऊन आल्या. शिक्षणाच्या नांवाखालीं अनेक रुग्णालयांनीं त्यांच्याकडून पूर्ण परिचारिकेचें काम अपुऱ्या वेतनांत करून घेतलें, ही तक्रार त्या काळींच झाली होती, आणि ती खोटी नव्हती. तरीहि एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. या योजनेंत अर्ध्या शिक्षणाला स्थान नव्हतें. आधीं शिक्षण पुरें, मग प्रवास, असाच क्रम होता; आणि कुटुंब मागेंच राहावयाचें असल्यामुळें ‘पदवी कीं कुटुंब’ हा प्रश्न उद्भवतच नव्हता.

तो प्रश्न निर्माण केला १९६५ च्या कायद्यानें. त्या वर्षीं ३ ऑक्टोबर रोजीं अध्यक्ष जॉन्सन यांनीं न्यूयॉर्कच्या बंदरांत स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यापाशीं त्यावर सही केली. वंश व राष्ट्र पाहून जागा वाटण्याची जुनी रीत या कायद्यानें मोडली, आणि पूर्व गोलार्धांतील प्रत्येक देशाला वर्षाला २०,००० पर्यंत जागा खुल्या झाल्या. या जागा कोणत्या क्रमानें द्यावयाच्या, याच्या पायऱ्या ठरल्या. बहुतेक पायऱ्या नात्याच्या होत्या : नागरिकांचीं अविवाहित प्रौढ मुलें, कायम रहिवाशांचे पतिपत्नी व अविवाहित मुलें, नागरिकांचीं विवाहित मुलें, नागरिकांचे भाऊबहीण. त्यांच्यामध्यें तिसरी पायरी विशेष विद्या असलेल्या लोकांची होती, आणि परिचारिका त्या पायरीवरून आंत येऊं लागल्या. नागरिकांचे पतिपत्नी, आईबाप व अल्पवयी मुलें यांना तर संख्येची मर्यादाच नव्हती. म्हणजे एकाच भिंतींत दोन दारें झालीं. एक विद्येचें आणि दुसरें नात्याचें.

वरवर पाहतां हीं दोन दारें परस्परविरोधी वाटतात. परंतु इतिहास वेगळेंच सांगतो. नात्याच्या दारानें जे हजारों लोक पुढें आंत गेले, त्यांच्यापैकीं फार मोठ्या संख्येला तें दार उघडून देणारी कोण होती ? ती बहुधा एखादी आई, मावशी अथवा थोरली बहीण होती, आणि ती स्वतः विद्येच्या दारानें आंत शिरली होती. तिनें आपलें शिक्षण पुरें केलें, परवाना मिळविला, रात्रपाळ्या केल्या. कायम वास्तव्याचा हक्क मिळतांच नवऱ्याला व मुलांना बोलाविलें. पांच वर्षांच्या वास्तव्यानंतर नागरिक होऊन आईबापांसाठीं व भावंडांसाठीं अर्ज केले. जी मुलगी आज ‘पदवी सोडूं कां’ म्हणून विचारते, तिला बोलावणारें पत्र बहुतेक वेळां कोणाच्या तरी पुऱ्या झालेल्या पदवीच्या बळावर लिहिलेलें असतें. ही गोष्ट घरांतल्या चर्चेत सहसा कोणी बोलून दाखवीत नाहीं. पण साऱ्या प्रकरणाचें मर्म तिच्यांत आहे.

मग अडचण कोठें आली ? दोन्ही दारांवर दोन निरनिराळीं घड्याळें बसविलेलीं आहेत, आणि तीं एकमेकांशीं कधीं जुळत नाहींत. विद्यालयाचें घड्याळ चार वर्षांचें. २००२ च्या कायद्यान्वयें फिलिपाईन्समध्यें परिचारिकेच्या परवान्यासाठीं पदवी आवश्यक असल्यानें त्याला आडवाट नाहीं. नात्याचें घड्याळ मात्र कधीं मुंगीच्या पावलानें चालतें, तर कधीं एकदम टोला देतें. मागणी फार आणि जागा मोजक्या, त्यामुळें रांगा वाढत गेल्या. नागरिकानें आपल्या भावाबहिणीसाठीं केलेल्या अर्जाला फिलिपाईन्समध्यें वीस वर्षांहूनही अधिक काळ लागला आहे. शिवाय कायद्यानें ‘मूल’ या शब्दाची व्याख्या एकवीस वर्षांखालील व अविवाहित अशी केली आहे. एकविसावें वर्ष उलटलें कीं मुलगी एका रांगेतून दुसऱ्या, अधिक लांब रांगेंत जाते. कायम रहिवाशाच्या मुलीनें मधेंच लग्न केलें, तर तिच्यासाठीं केलेला अर्जच रद्द होतो. विद्यार्थिनीचें एकविसावें वर्ष आणि पदवीचें शेवटचें वर्ष हीं बहुधा एकाच सुमारास येतात, हा या व्यवस्थेंतला सर्वांत क्रूर योगायोग होय.

सरकारी कचेऱ्यांच्या विलंबामुळें मुलांचें वय निघून जातें, हा अन्याय अमेरिकेच्या कायदेमंडळाच्याही ध्यानांत आला, व ऑगस्ट २००२ मध्यें मुलांच्या संरक्षणाचा एक कायदा झाला. कचेरींत अर्ज जितके दिवस पडून राहिला, तितके दिवस मुलाच्या वयांतून वजा धरण्याची त्यांत तरतूद आहे. परंतु रांगेंत गेलेलीं वर्षें त्यानें परत मिळत नाहींत. २०१४ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें बहुमतानें असा निर्णय दिला कीं, आईबापांच्या अर्जाच्या आधारें रांगेंत उभीं असलेलीं व वाट पाहतां पाहतां प्रौढ झालेलीं मुलें बहुतेक प्रकारच्या अर्जांत आपला जुना क्रमांक सांगूं शकत नाहींत. त्यांनीं रांगेच्या शेवटीं जाऊन पुन्हा उभें राहावें. तेव्हां ‘आज गेली नाहीं तर उद्यां जाईल’ असें म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांनीं हें विसरूं नये कीं, उद्यां पुष्कळदां वीस वर्षांनीं उगवतो.

आतां ज्या मुली पदवी सोडून आधीं गेल्या, त्यांचें काय झालें तें पाहूं. परिचारिकेचा परवाना देणारें मंडळ पुऱ्या झालेल्या शिक्षणाची तपासणी करतें : औषधोपचार, शस्त्रक्रिया, प्रसूति, बालरोग, मनोरोग या प्रत्येक शाखेंत पुस्तकी शिक्षण किती व रुग्णाच्या खाटेपाशीं केलेलें काम किती. अर्ध्या शिक्षणाला त्या तपासणींत अर्धे गुण मिळत नाहींत. भाषा, गणित, शास्त्र यांसारखे विषय नवें विद्यालय कदाचित् मान्य करतें. परंतु रुग्णालयांत केलेलें अर्धें काम बहुधा पुन्हा प्रथमपासून करावें लागतें. मधल्या काळांत पोट भरण्यासाठीं रुग्णालयांत किंवा वृद्धाश्रमांत सहायिकेचें काम धरावें लागतें. आणि पगार हातीं पडूं लागला, भावंडांच्या फीची जबाबदारी अंगावर आली, कीं विद्यालयाकडे वळण्याचा बेत पुढें पुढें जातो.

पण चित्राची दुसरी बाजूही न्यायानें मांडली पाहिजे. मिल्ड्रेड माँटॅग या शिक्षणतज्ज्ञ बाईंच्या विचारांस अनुसरून १९५२ सालीं अमेरिकेंत परिचारिकांसाठीं दोन वर्षांचा महाविद्यालयीन अभ्यासक्रम प्रयोगादाखल सुरू झाला, आणि पुढें तो देशभर पसरला. तो पुरा करणारी विद्यार्थिनी पदवीधर परिचारिकेप्रमाणें त्याच परवान्याच्या परीक्षेस बसूं शकते. जी मुलगी कायम रहिवासी म्हणून तेथें जाते, तिला स्थानिक दरानें फी भरण्याची व सरकारी साहाय्य मागण्याचीही सोय असते. तेव्हां आधीं जाणारीचें शिक्षण संपलेंच, असें म्हणणें खरें नाहीं. तिचें शिक्षण लांबतें. तें संपणार कीं नाहीं, हें तिच्या निश्चयावर व घरच्या माणसांच्या पाठबळावर अवलंबून राहतें.

ज्या मागें राहिल्या, त्यांनाही सर्व कांहीं सुरळीत मिळालें असें नाहीं. १९७० च्या सुमारास पुऱ्या शिकलेल्या अनेकजणी अमेरिकेंत जाऊन परवान्याच्या परीक्षेंत अडल्या आणि सहायिकेच्या कामावर राहिल्या. म्हणून १९७७ सालीं परदेशीं शिकलेल्या परिचारिकांची पात्रता आधींच तपासणारें एक मंडळ फिलाडेल्फिया येथें स्थापन झालें. २००६ च्या जूनमध्यें फिलिपाईन्सच्या सरकारी परीक्षेच्या प्रश्नपत्रिका फुटल्या. तेव्हां या मंडळानें त्या खेपेच्या उत्तीर्ण विद्यार्थिनींस कांहीं भागांची परीक्षा पुन्हा दिल्याखेरीज प्रमाणपत्र देण्याचें नाकारलें. थोड्यांच्या अप्रामाणिकपणाचें ओझें सर्वांना वाहावें लागलें. २००८ नंतर अमेरिकेंत मंदी आली, व्हिसाच्या रांगा थांबल्या, आणि मनिलांतील पदवीधर परिचारिका अनुभवाच्या दाखल्यासाठीं रुग्णालयांत बिनपगारी राबूं लागल्या. २०२० च्या साथींत तर खुद्द फिलिपाईन्स सरकारनें करारावर परदेशीं जाणाऱ्या परिचारिकांस कांहीं महिने अडवून धरलें, व पुढें वर्षाला ५,००० अशी मर्यादा घालून मग वाट मोकळी केली. विद्येचें दारही अशा रीतीनें कधीं बाहेरून बंद झालें, कधीं आंतून.

या दोन वाटांच्या मधून एक तिसरी वाट आहे, आणि अनेक कुटुंबांनीं ती धरली आहे. व्हिसाच्या मुदतींत अमेरिकेंत जावें, कायम वास्तव्याचा हक्क पदरांत पाडून घ्यावा, तेथें असतांनाच पुनःप्रवेशाच्या परवान्यासाठीं अर्ज करावा, आणि मग परत येऊन पदवी पुरी करावी. हा परवाना साधारणतः दोन वर्षांपर्यंत चालतो. त्याच्यावांचून एक वर्षाहून अधिक काळ बाहेर राहिल्यास वास्तव्याचा हक्क धोक्यांत येतो. अभ्यासाचीं दीड-दोन वर्षेंच उरलीं असतील, तर ही वाट उपयोगी पडते. तीन उरलीं असतील, तर ती अपुरी पडते. प्रवासाचा दुहेरी खर्च येतो, एखादें सत्र बुडतें, आणि बारा-पंधरा वर्षांनीं भेटलेल्या आईला कांहीं आठवड्यांतच पुन्हा सोडून यावें लागतें. ही शेवटची किंमत कोणत्याही कोष्टकांत मांडतां येत नाहीं.

तेव्हां इतिहासाचा कौल काय ? पहिली गोष्ट ही कीं, दोन्ही दारें परक्या कायदेमंडळाच्या हातीं आहेत. तीं १९३४ सालीं मिटलीं, १९४६ सालीं किलकिलीं झालीं, १९६५ सालीं उघडलीं. पुढेंही मिटतील आणि उघडतील. व्हिसा हा हातांत असला तरी पळताच असतो. दुसरी गोष्ट ही कीं, पुरी झालेली पदवी व तिच्यावर मिळविलेला परवाना कोणताही देश काढून घेत नाहीं. फार तर तो त्यांची पुन्हा परीक्षा घेतो. परंतु अर्धी पदवी ही पदवी नव्हे. ती हातची आहे असें वाटतें, तें केवळ तिच्यावर खर्चिलेल्या पैशाकडे व वर्षांकडे पाहून वाटतें. म्हणून ज्या मुलीचें शेवटचें वर्ष चालू आहे, तिनें तिसऱ्या वाटेचा प्रयत्न करावा, पण पदवी सोडूं नये. जिचा अभ्यास नुकताच सुरू झाला आहे व जिचें एकविसावें वर्ष जवळ आलें आहे, तिनें खुशाल जावें. मात्र जाण्यापूर्वीं आईबापांनीं तिच्या शिक्षणाची तेथील व्यवस्था लिहून ठरवावी, आणि पहिल्या वर्षाच्या आंत तिला विद्यालयांत घालावें. ही अट पाळली गेली नाहीं, तर प्रयाणाचा लाभ घराला होतो आणि तोटा एकट्या मुलीला सोसावा लागतो.

आज महाराष्ट्रांतही परिचारिकेच्या विद्यालयांत शिकणाऱ्या मुली आहेत, आणि कोणाचा भाऊ, कोणाची मावशी परदेशीं आहे. त्यांच्या घरीं असें पत्र आलें, तर घरच्या मंडळींनीं प्रथम तीन गोष्टी कागदावर मांडाव्या : मुलीचें वय, अभ्यासाचे उरलेले महिने आणि व्हिसाची मुदत. निर्णय त्यांवरून घ्यावा. शेजारच्या मुलीनें काय केलें त्यावरून नव्हे. आणि तो घेतांना ज्या आईनें किंवा मावशीनें हें दार उघडलें, तिनें स्वतः आधीं काय पुरें केलें होतें, तेंही मुलीला सांगावें.